अर्धी खुडलेली ओळ

सत्यवतीबाई शेफ्लेराचे शेंडे खुडायला बसल्या ती जानेवारीतली एक साधी सकाळ होती. ओळ अर्धी झाली आणि त्या उठल्या. डोकं ठणकतंय म्हणाल्या, पदराला हात पुसले आणि नवऱ्याला, वामनरावांना, सांगितलं, "राह्यलेल्या उद्या खुडीन." दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात होत्या, नाकातोंडात नळ्या घातलेल्या. तिसऱ्या दिवशी त्या नव्हत्या. मेंदूतली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले. वामनरावांनी मान डोलावली, एखाद्या गिऱ्हाइकानं पत्ता सांगावा आणि आपण ऐकून घ्यावा तशी.

मागे ती ओळ राहिली.

अकोल्याची वस्ती विरळ होत बाळापूरचा रस्ता मोकळा होतो, तिथे वामनरावांची रोपवाटिका आहे. लोखंडी पाइपांवर हिरवी जाळी ताणलेली, आणि तिच्या सावलीत शोभेच्या पानांची झाडं: क्रोटन, डिफेनबेकिया, सिंगोनियम आणि शेफ्लेरा. शेफ्लेराला गिऱ्हाइकं छत्रीचं झाड म्हणतात, कारण एका देठाच्या टोकाला सात-आठ पानं गोल पसरतात, उघडलेल्या छत्रीसारखी. या नर्सरीतला शेफ्लेरा पिवळ्या शिंतोड्यांचा होता. अंधारातसुद्धा तो उन्हात ठेवल्यासारखा दिसायचा.

नवराबायकोनं कामं वाटून घेतली होती. बाईंकडे खुडणं, वामनरावांकडे औषधं. शेंडा खुडला की झाडाचं वर जाणं थांबतं आणि खुडलेल्या जागेच्या खालून फुटवे निघतात. नाही खुडला तर झाड नुसतं काडीसारखं उंच होतं. मंगल कार्यालयाच्या स्टेजपाशी काडी कोण ठेवणार? सत्यवतीबाई कात्री वापरत नसत. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी थोडं वाढवलेलं होतं आणि झाडांच्या चिकानं ते कायमचं काळं पडलं होतं. हळदीकुंकवाला वाण घेताना बायका त्या नखाकडे बघायच्या आणि बाई तो अंगठा मुठीत लपवायच्या.

वामनरावांची औषधं मुख्यतः दोन. एक पॅक्लो: पाण्यात मिसळून कुंडीच्या मातीत ओतायचं, की झाड बुटकं राहतं, पान जाड आणि गडद होतं. हॉटेलच्या टेबलांवर जाणाऱ्या कुंड्यांना ते लागे, अगदी थोडं. दुसरं जीए, द्राक्षवाले वापरतात ते. त्याचं काम बरोब्बर उलटं, झाडाला ताणायचं. ते वामनराव सहसा बाहेर काढत नसत.

शकुन ही त्यांची एकुलती मुलगी. ती अमरावतीला असते, एका कॉलेजच्या ग्रंथालयात. चाळिशी ओलांडली तरी हातात सापडेल ते वाचायची तिची सवय गेलेली नाही. औषधाच्या खोक्यातला बारीक छपाईचा कागदसुद्धा ती वाचून काढते. डिसेंबरात तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, कुंदननं, नवं घर घेतलं, दुसऱ्या मजल्यावरचं, पूर्वेला गॅलरी असलेलं. तेव्हा आई म्हणाली होती, "या ओळीतली एक कुंडी तुही. फुटवे फुटू दे, मंग नेजो. आता नेशीन तं काडी नेशीन."

दवाखान्यात नर्सनं आईच्या बोटाला चिमटा लावला, रक्तातला प्राणवायू मोजायचा तो. आधी अंगठाच पुढं आला म्हणून अंगठ्याला लावला, तर आकडा येईना. "नेलपॉलिश काढलं नाही का यांचं?" असं म्हणून तिनं कापसावर स्पिरिट घेतलं आणि ते काळं नख घासत राहिली. शकुन शेजारी उभी होती. शेवटी नर्सनंच कंटाळून चिमटा दुसऱ्या बोटाला लावला.

तेरवी झाली. पाहुणे गेले. शकुननं बाबांना अमरावतीला चला म्हणून सांगून पाहिलं.

"झाडाईले पानी कोन देईन?" वामनराव म्हणाले.

"माणूस लावू ना बाबा."

"मानूस पानी देते. पाहात नाई."

निघण्याआधी शकुन शेफ्लेराच्या ओळीपाशी गेली. खुडलेल्या प्रत्येक काडीच्या टोकावर तिरपी, वाळत आलेली जखम होती, आणि जखमेच्या खाली डोळे फुगले होते, ज्वारीच्या दाण्याएवढे. दोन-तीन आठवड्यांत फुटतील, असा तिनं हिशेब केला आणि बसला बसली.

फेब्रुवारीत आली तेव्हा डोळे तेवढेच होते. थंडी लांबली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मार्चमध्ये आली तेव्हा थंडीचं नाव नव्हतं, दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि डोळे अजूनही ज्वारीच्या दाण्याएवढे. काही ठिकाणी इवलीशी पानं बाहेर आली होती, पण आवळलेल्या मुठीसारखी, उघडायचं नाव नाही. ओळीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, जिथे आईचा हात पोचला नव्हता, तिथले शेंडे बोटभरही वर गेले नव्हते. पानं गडद, जवळजवळ काळी. ओळीवर जाळीचा दुसरा थर चढला होता. आणि ओळीच्या मधोमध एक प्लास्टिकची खुर्ची होती.

"बाबा, तुमी याईले पॅक्लो देल्लं?"

"देल्लं."

"किती?"

"लागते तेवढं."

"खुडल्यावर कोनी पॅक्लो देते का? फुटवे फुटाले पाह्यजेत ना."

वामनराव नळी गुंडाळत होते. त्यांनी ती खाली ठेवली. "फुटले तं काय व्हईन?"

"झाड भरंन."

"अन् मंग?"

वामनराव खुर्चीपाशी गेले आणि एका कुंडीच्या काठावर हात ठेवला. "ही पाय. ही तिनं शेवटची खुडली. याच्या पुढची नाई खुडली. इथून उठली ते. आज कोनी बी आलं तं त्याले दाखवता येते. वाढल्या का मंग साऱ्या सारख्याच. मंग काय दाखवाचं?"

शकुनला एकदम जाणवलं की बाबांनी हे आधी कुणालातरी दाखवलेलं आहे. कदाचित रोज कुणालातरी दाखवत असतील, खतवाल्याला, पाण्याच्या टँकरवाल्याला. तिनं जाळीच्या दुसऱ्या थराकडे बोट केलं. "अन् हे काहून?"

"उन्ह लागन."

"बाबा, शेफ्लेराले एक जाळी पुरते. तुमीच सांगत व्हते."

"सांगत व्हतो."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. रऊफभाई आले होते. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे त्यांचं बिछायत केंद्र आहे: मंडप, गाद्या, खुर्च्या, भांडी. लग्नसराईत ते वामनरावांकडून कुंड्या भाड्यानं नेत, आणि परत आणताना सत्यवतीबाईंची बोलणी खात.

"सलाम वामनभाऊ. अरे, शकुन बेटा आली का! बरं झालं. आता तूच सांग तुह्या बावाले. कार्यालयवाला मले म्हनते, स्टेजले हिरवंगार पाह्यजे. म्या म्हटलं, अकोल्यात एप्रिलमदी हिरवंगार फक्त मानसाचं तोंड राह्यते, लू लागून."

वामनराव हसले नाहीत. "क्रोटन घेऊन जा. डिफेनबेकिया घेऊन जा."

"अन् ही?" रऊफभाईंनी शेफ्लेराकडे मान वळवली.

"ही नाई."

रऊफभाईंनी हात वर केले, कुणी बंदूक रोखल्यासारखे. "नाई तं नाई. भाभी असती तं मले कुंडीलेच हात लावू नसती देत. लगन झालं का कुंडीत खर्रा थुकलेला घावते ना. म्हनाची, रऊफभाऊ, झाड मेलं तं मेलं, पन कुंडी अशी वापस आणली तं तुमाले त्याच मातीत गाडीन." हे सांगताना ते हसायला लागले आणि मधेच थांबले, कारण कुणीच हसत नव्हतं.

कुंड्या चढवून झाल्यावर त्यांनी शकुनला टेम्पोपाशी बोलावलं. "बेटा, तुही चाची नसीम रोज डबा पाठवते. वामनभाऊ तिथीच खुर्चीवर बसून दोन घास खाते अन् बाकीचं कुत्र्याले. म्या पाह्यलं. मले म्हनते, भूक नाई. अरे, मानसाले भूक नाई असं कसं?" त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं. "ते झाडं वाढू नाई देत अन् स्वतः बी वाळून राहिले. मले तं समजत नाई, कोनाले काय बोलू."

शकुन परत आत आली तेव्हा तिच्या मनात जे होतं ते एका वाक्यात सांगता आलं असतं: त्या डोळ्यांतून फुटवे निघाले पाहिजेत. निघाले की आईनं कबूल केलेली कुंडी तिच्या गॅलरीत येईल, आणि बाबा त्या खुर्चीवरून उठतील. एकाचा दुसऱ्याशी काय संबंध, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पण तिचा तसा विश्वास बसला होता.

अमरावतीला परतल्यावर तिनं वाचायला घेतलं. शेतकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे जुने प्रबंध इंटरनेटवर सापडले, ते तिनं छापून घेतले. सावलीचे टक्के, संजीवकांची मात्रा, पानांची संख्या, दोन पेरांमधलं अंतर. दोन्ही औषधांना पुस्तकात संजीवकच म्हणतात, थांबवणाऱ्यालाही आणि ताणणाऱ्यालाही. पॅक्लो मातीत बराच काळ राहतं, हे तिनं वाचलं. त्यावर जीएचा उतारा चालतो, हेही वाचलं. गडद सावलीत जीए दिलं तर खोड लांब, फिकट आणि दुबळं होतं, हेसुद्धा तिनं वाचलं, त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि पुढं गेली.

एप्रिलमध्ये रजा काढून ती आठवडाभरासाठी अकोल्याला आली. तिनं बाबांशी वाद घातला नाही. फक्त त्यांना ओळीपाशी नेलं आणि एक पान उलटसुलट करून दाखवलं.

"बाबा, आईनं खुडल्या तवा ह्या अशा व्हत्या का?"

वामनरावांनी पान बघितलं. पिवळे शिंतोडे राहिले नव्हते. दुहेरी जाळीखाली झाडानं सगळं पिवळं गिळून टाकलं होतं. उजेड कमी पडला की ते तेच करतं, आणि वामनरावांना हे शकुनच्या जन्माआधीपासून माहीत होतं.

"तुमी थांबवून राहिले," शकुन म्हणाली, "तरी त्या बदलूनच राहिल्या ना."

त्यांनी पानावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "तुले काय पाह्यजे?"

"जीए देऊ. एक जाळी काढू."

"जाळी नाई काढाची. आता काढली तं एका दुपारी करपतीन." मग ते म्हणाले, "जीए देतो."

औषधाच्या खोलीत त्यांनी चिमूटभर पांढरी भुकटी काचेच्या पेल्यात घेतली आणि तीवर स्पिरिट ओतलं, कारण ती पाण्यात सरळ विरघळत नाही. स्पिरिटचा वास आला तशी शकुन दारापाशी सरकली. वामनराव काडीनं ढवळत होते. "एकदाच," ते म्हणाले. "मंग झाडाले वेळ द्याचा. लय जनाईले तेवढा धीर नसते."

फवारा त्यांनी तिच्याच हातात दिला. सूर्य उतरल्यावर तिनं ओळीवर पहिली फवारणी केली, खुडलेल्या आणि न खुडलेल्या दोन्ही भागांवर, कारण बाबा म्हणाले, दिलं तर दोघींनाही द्यायचं. दोघी म्हणजे काय, ते तिनं विचारलं नाही.

मग ती वाट बघू लागली. रोज सकाळी चहाच्या आधी ओळीपाशी जायची, वाकून डोळे बघायची, बोटानं हळूच दाबायची. काही नाही. मुठी आवळलेल्याच. बाबा खुर्चीवर. दुपारी पत्र्याच्या खोलीत पंखा गरम हवा ढवळायचा आणि दोघं बापलेक एकमेकांकडे न बघता जेवायचे. एकदा वामनराव म्हणाले, "पुस्तकात किती दिवस लिहले व्हते?" तिला राग आला. दिवस लिहिलेले होते, पण ते पॅक्लो न दिलेल्या झाडांचे होते.

रविवारी तिला निघायचं होतं. शनिवारी संध्याकाळी तिनं दुसऱ्यांदा स्पिरिटची बाटली उघडली. वामनराव दारात उभे होते. तिनं भुकटी किती घेतली ते त्यांनी बघितलं, आणि ती त्यांच्या चिमटीपेक्षा जास्त होती. ती फवारत होती तेव्हाही ते खुर्चीवर बसून बघत होते. ते नाही म्हणाले नाहीत. त्यांना सगळं माहीत होतं आणि तरी ते नाही म्हणाले नाहीत. त्याचा अर्थ लावायचा शकुननं नंतर खूप प्रयत्न केला, पण तिला तो लागला नाही.

मे महिना अर्धा गेल्यावर रऊफभाईंचा फोन आला. "बेटा, येऊन जा. झाडं पळून राहिली."

"म्हणजे?"

"आता कसं सांगू? तू ये."

पहाटेच्या बसनं ती निघाली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा तिनं मनात स्वतःला समजावलं, की फुटवे फुटले एवढाच याचा अर्थ. फुटले तर झाडं वाढणारच. वाढलेलं झाड कुणाला पळाल्यासारखंही वाटू शकतं.

जाळीच्या आत शिरल्यावर तिला आधी ती ओळ सापडलीच नाही. जिथं ओळ होती तिथं सगळीकडे फिकट, पोपटी, लांबलचक काड्या होत्या, दोऱ्यासारख्या देठांच्या. त्यांच्या टोकांना पानं लोंबत होती, मिटायला आलेल्या छत्र्यांसारखी. दोन पानांच्या मध्ये वीतभर मोकळी काडी. काही काड्या आपल्याच वजनानं वाकून शेजारच्या कुंडीत पडल्या होत्या, काही जमिनीवर. आईनं खुडलेल्या झाडांना दोन-दोन, तीन-तीन फुटवे आले होते, पण ते फुटवे नव्हते, नुसतं लांब होणं होतं. न खुडलेली तशीच सरळ वर गेली होती आणि मग मोडल्यासारखी झुकली होती. मातीतलं पॅक्लो आत्ताआत्ता ओसरलं होतं आणि दोन्ही फवारण्या एकदम अंगावर आल्या होत्या. वर दुहेरी जाळीचा अंधार. पेन्सिलीनं रेघ मारलेलं ते वाक्य तिला शब्दाशब्दांनी आठवलं.

वामनराव कुंड्यांच्या मध्ये उभे होते. खुर्ची बाजूला पडली होती.

"एकमेकाईत गुतून राहिल्या व्हत्या," ते म्हणाले. "मोडतीन म्हनून म्या दूर दूर केल्या. काल. रात पडोस्तोर करत व्हतो."

शकुननं बघितलं. कुंड्या आता ओळीत नव्हत्या. पूर्ण जागेत पसरल्या होत्या, जिला जिथं जागा मिळेल तिथं.

"बाबा, शेवटची कोनती?"

वामनरावांनी तिच्याकडे बघितलं. ते हाच प्रश्न तिला विचारणार होते, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मले वाटलं, ध्यानात राहीन," ते म्हणाले.

रऊफभाई दारातून आत आले. त्यांनी एक झुकलेली काडी सरळ करून पाहिली आणि हळू म्हणाले, "वामनभाऊ, वरून छाटून टाका ना. मांडीएवढी ठेवा. फुटतीन परत. भाभी असती तं..." आणि तिथंच थांबले.

"छाट," वामनराव शकुनला म्हणाले.

"मी?"

"मंग कोन?"

तिनं एक काडी चिमटीत धरली. अंगठ्याचं नख टेकवलं. तिचं नख कापलेलं होतं, गुलाबी, स्वच्छ, ग्रंथालयातलं. काडी दबली, पण तुटली नाही. नुसतं पाणी सुटलं. किती वर खुडायचं, कोणत्या डोळ्याच्या वर, डोळा कुठे वळलेला असताना, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी शिकायला गेली तर आई म्हणायची, तू अभ्यास कर. "मले येत नाई," ती म्हणाली.

"मले बी नाई," वामनराव म्हणाले. पंचेचाळीस वर्षं ते जिच्या शेजारी उभे राहिले होते तिचं काम त्यांनी एकदाही करून पाहिलं नव्हतं. कात्रीनं कापता आलं असतं. कात्री खोलीत होती. ती आणायला कुणीच गेलं नाही.

मग वामनराव खाली बसले. लोंबत्या काड्यांच्या गर्दीत कुठली खुडलेली ते नजरेनं कळत नव्हतं. पहिल्या कुंडीत हात घातला, काडी वाकवली आणि बुडाकडून वर बोट फिरवत गेले. एका ठिकाणी बोट थांबलं. तिरपी, सुकलेली, कडक जखम होती तिथं. "हाय," ते म्हणाले, आणि कुंडी डावीकडे सरकवली. पुढच्या कुंडीवर बोट फिरवलं. ते सरळ वर गेलं, कुठेच थांबलं नाही. ती उजवीकडे. शकुनही बसली. रऊफभाईंनी चपला काढल्या आणि तेही बसले. तिघं ती झाडं चाचपत राहिले, आंधळ्यांनी चेहरे चाचपावेत तसे. हाय. नाई. हाय. हाय. नाई.

ऊन जाळीवर आलं तेव्हा दोन गट झाले होते. डावीकडच्या आईच्या हातच्या, उजवीकडच्या राहिलेल्या. कोणती शेवटची, हे मात्र डावीकडच्या एकाही कुंडीवर लिहिलेलं नव्हतं. वामनराव त्या कुंड्यांवरून पुन्हा एकदा हात फिरवत गेले, आणि पुन्हा एकदा. प्रत्येक जखम दुसरीसारखीच होती, कारण त्या बाईंचा हात कधी कमीजास्त झाला नव्हता, डोकं ठणकत असतानासुद्धा.

"आता काय करायचं?" शकुननं विचारलं.

"काड्या बांधू," वामनराव म्हणाले.

म्हणून बांबूच्या काड्या आणल्या आणि सुतळीनं एकेक झाड बांधलं. शकुन खोड उभं धरायची, ते गाठ मारायचे. बांधलेलं झाड उभं दिसायचं. हात सोडला की वरचा भाग गाठीच्या वरून झुकायचा, आणि ते त्याच्या वर आणखी एक गाठ मारायचे. नसीमबानोंचा डबा आला. रऊफभाईंनी तो उघडून पुढं ठेवला. वामनरावांनी अर्धी भाकर खाल्ली, उरलेली झाकून ठेवली, आणि परत बांधायला बसले. आज कुत्र्याला दिली नाही, एवढंच शकुनला दिसलं, आणि त्यात काही धरून ठेवण्यासारखं आहे की नाही, हे तिला ठरवता येईना.

निघताना त्यांनी डावीकडची एक कुंडी उचलली. "ही नेजो. तिनं देल्ली व्हती ना तुले."

"राहू द्या बाबा. इथंच राहू द्या."

"नेजो म्हनलं ना." त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "इथी राहिली तं मी अजून काही करीन."

अकोल्याच्या स्टँडवर रऊफभाईंनी तिला बसमध्ये बसवून दिलं. कुंडी मांडीवर. तीन लांब काड्या, त्यातली एक सुतळीतून निसटलेली. बस हलली की ती काडी खिडकीबाहेर जायला बघायची, आणि शकुन ती परत आत घ्यायची. शेवटी तिनं एका हातानं तिन्ही काड्या धरूनच ठेवल्या. दुसऱ्या हाताचं बोट आपोआप बुडाकडे गेलं आणि जखमेपाशी थांबलं.

शेजारी एक बाई होती, मूर्तिजापूरला चढलेली, मांडीवर कैऱ्यांची पिशवी. ती बराच वेळ झाडाकडे बघत होती.

"छत्री हाय ना हे? लय उंच झालं. असं नाई ठेवाव बाई. शेंडा खुडून टाका, मंग भरते."

"हो," शकुन म्हणाली. "खुडीन उद्या."

पुढं रस्त्याचं काम चालू होतं. बस खड्ड्यांतून हळूहळू जात होती आणि प्रत्येक धक्क्याला झाड हातात डुलत होतं. तिचा हात भरून आला तशी तिनं कुंडी फिरवली, काड्या दुसऱ्या हातात घेतल्या आणि पुन्हा उभ्या धरल्या.